हातची पट्टी

सातपाटीच्या जयवंती तांडेलला भित्री म्हटलं की तिच्या घरचेही मान डोलवायचे. तिच्या घरातले पुरुष समुद्रावर जाणारे, आणि ही होडीत पाय ठेवताना दोन्ही हातांनी काठ धरून डोळे मिटायची. कोणी मोठ्यानं शिंकलं तरी दचकायची. तिची आई नर्मदा म्हणायची, "हिच्या वेळी मी काय बघून घाबरले होते कोण जाणे, सगळं हिच्याच अंगात उतरलंय." आणि अशी ही पोर अकरावी पास होऊन रोज सकाळी एसटीनं पालघर आणि तिथून पॅसेंजरनं बोईसर गाठून हापिसात कामाला जायला लागली, तेव्हा गावाला नवल वाटलं. त्यात पगाराचं फारसं कौतुक नव्हतं. ही मुलगी अनोळखी माणसांसमोर तोंड कसं उघडते, याचं होतं. तर ती उघडतच नव्हती. तिचं काम बिनबोलायचं होतं, म्हणून तर टिकली.

सदुसष्ट सालची गोष्ट. तारापूरकडे तेव्हा जिकडेतिकडे बांधकाम निघालं होतं. बोईसर स्टेशनाजवळ एका ठेकेदाराचं पत्र्याचं हापिस होतं, तिथं जयवंतीला भोकं पाडायला बसवलं होतं. ऐकायला विचित्र, पण काम तेच. हातभर नाही, पण वीतभर लांब अशी जाड कागदाची कार्डं असायची. साहेब कागदावर इंग्रजी अक्षरं नि आकडे लिहून द्यायचे. त्यातली एक ओळ म्हणजे एक कार्ड. जयवंती यंत्रावर बसून त्या ओळीची बारीक चौकोनी भोकं कार्डावर पाडायची. शेदोनशे कार्डं झाली की ती पत्र्याच्या डब्यात रचायची, शिपाई डबा घेऊन मुंबईला जायचा. तिथं एका थंडगार खोलीत कॉम्प्युटर होता, घराएवढा. तो ती भोकं वाचायचा, हिशेब करायचा आणि उत्तरं लांबलचक कागदावर छापून द्यायचा. जयवंतीनं तो कधी पाहिला नव्हता. नाव काढलं तरी तिला वाटायचं, एकही डोळा नसलेलं जनावर असावं, बोटं फिरवून भोकं वाचणारं.

पण जनावर मुंबईला होतं. बोईसरला होते ते हेडक्लार्क चंद्रभान. खानदेशचे, उंच, आवाज कोरडा. आदल्या महिन्यात जयवंतीनं एका कार्डावर शून्याच्या जागी इंग्रजी ओ पाडला होता आणि अख्खा डबा मुंबईहून उत्तराशिवाय परत आला होता. चंद्रभाननी सगळ्यांदेखत कार्ड तिच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"शून्य... भाऊसाहेब."

"शून्य माझ्या नशिबात आहे. हा ओ आहे. पुन्हा एक चूक झाली ना, तर उद्यापासून टोपली घ्यायची न् बाजारात बसायचं. तिथं ओ आणि शून्य कोणी विचारत नाही."

त्या दिवसापासून जयवंती प्रत्येक कार्ड तीनदा बघायची. एकदा कागदाशी ताडून, एकदा उजेडात धरून, आणि तिसऱ्यांदा नुसतं भीतीपोटी.

कागद लिहिणारे इंजिनियर भगवंतराव मात्र भला माणूस. नाशिककडचे, सव्वीस-सत्तावीसचे. आल्या आल्या सुक्या बोंबलाच्या वासानं नाकाला रुमाल लावायचे, वर्षभरात डब्यातली चटणी मागून खायला लागले. जयवंती काय पाडतेय हे तिला थोडं कळावं म्हणून एकदा त्यांनी समजावलं होतं.

"हे बघा जयवंतीबाई, यंत्राच्या पोटात डबे मांडलेत असं समजा. प्रत्येक डब्याला नाव. बरोबरचं चिन्ह दिसलं की त्याच्या डावीकडे डब्याचं नाव, उजवीकडे त्यात काय घालायचं ते. कळलं?"

"हो."

"आणि एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर ते वेगळं लिहून ठेवायचं. मग नुसती त्याला हाक मारायची, आणि हाक मारताना त्याला लागतील ते आकडे हातात द्यायचे. त्याला आम्ही पोटकाम म्हणतो."

हे जयवंतीला पटलं होतं. सुकट निवडायला शेजारणीला हाक मारायची नि तिच्या पुढ्यात सूप ठेवायचं, तसंच की.

त्या वर्षी दिवाळीनंतर ठेकेदाराच्या कामगार वस्तीसाठी पाण्याच्या लोखंडी टाक्या चढवायच्या होत्या. चार वेळा उचल, तीन बुधवारी आणि शेवटची गुरुवारी, वजनं कमीजास्त. कुठल्या उचलीला किती जाडीचा तारेचा दोर लागेल, याचा तक्ता भगवंतरावांनी मुंबईहून काढून आणायचं ठरवलं. नेम असा की दोराची ताकद वजनाच्या पाचपट हवी. वारा येतो, झटका बसतो, दोर जुना असतो, म्हणून पाचपट. जयवंतीनं कार्डं पाडली, डबा गेला, आणि मंगळवारी डब्यासोबत कागद आला. पहिली ओळ भगवंतरावांनी स्वतः पेन्सिलीनं ताडून पाहिली, तंतोतंत बरोबर. त्यांनी सही ठोकली आणि साइटवर निघून गेले. तक्त्याच्या दोन चांगल्या प्रती हातानं काढून एक गोदामात नि एक साइटवर पाठवायची, हे काम जयवंतीचं.

पहिली प्रत काढताना काही वाटलं नाही. दुसरी काढताना तिचा हात थांबला.

पहिली ओळ: बारा टन, दोर सव्वा इंच. दुसरी आठ टनांची, तिसरी पाच टनांची. चौथी ओळ पुन्हा बारा टन. आणि दोर पाऊण इंच.

जयवंतीला वजनातलं कळत नव्हतं, टनातलं तर मुळीच नाही. पण दोर तिला कळत होता. किनाऱ्यावर वाढलेल्या पोरीला दोर कळतोच. एकाच होडीला सकाळी जाड दोर नि संध्याकाळी बारीक दोर, असं जगात कोणी करत नाही. तिनं छापील कागद पुन्हा पाहिला. तिथंही तेच. म्हणजे उतरवताना चुकलं नव्हतं.

मग कुठं चुकलं? कार्डात. भोकं आपलीच.

तिनं दोन्ही प्रती जशाच्या तशा पाठवल्या. कोणाला काही विचारलं नाही. टोपली डोळ्यांसमोर आली होती, आणि मागे चंद्रभान.

घरी गेली तर थोरला भाऊ हरेश्वर ओटीवर बसून पायाला तेल चोळत होता. वडलांच्या होडीत बाकीच्या दोघा भावांपुरतीच जागा, म्हणून हा साइटवर वजनं उचलायच्या टोळीत लागला होता. नर्मदा कोपऱ्यात जाळं विणत होती. नायलॉनचा दोरा आला तरी तिच्या हातातली बांबूची पट्टी जुनीच होती. पट्टीभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. पट्टीची जेवढी रुंदी, तेवढा जाळ्याचा डोळा.

"दादा, गुरवारी काय काम हाय तुमचं?"

"टाकी चढवायची. शेवटची."

"शेवटची म्हणजे चवथी?"

"तीन उद्या चढतील, मग चवथीच ना. हापिसातली बाई तू, मोजता येतंय ना?"

"न तू कुठं असणार?"

"खाली. टाकी वरून सोडतात न, तेव्हा बोल्टाची भोकं जुळवायला दोघं खाली लागतात, मचाणावर. मी न सुका." सुका हा डोंगराकडचा गडी, माकडासारखा चढणारा, हरेश्वरच्या डब्यात जेवणारा. महिन्यापूर्वीच त्याला मुलगी झाली होती.

"तू नको राहू खाली," जयवंती म्हणाली.

"का?"

"असंच. मला बरं वाटत नाय."

"आये, हिला बरं वाटत नाय म्हणून मी सुट्टी घेऊ काय?" हरेश्वर हसला. "मी नाय तर दुसरा कोणी उभा राहील. मचाण काय रिकामं ठेवणार हायेत?"

तेच तर. भावाला ओढून घेतलं असतं, तर त्या जागी कोण? जो असेल तोही कोणाचा भाऊच असणार. भात पुढ्यात आला तो जयवंतीनं चिवडून ठेवला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आंब्याखाली गेले, तेव्हा जयवंतीनं कपाट उघडून टाक्यांचा डबा काढला. एकेक कार्ड खिडकीपाशी धरून तिनं भगवंतरावांच्या कागदाशी ताडलं. वीस, चाळीस, साठ. शून्य शून्यच होतं. ओ ओच होता. एकही भोक इकडचं तिकडे नव्हतं.

चूक आपली नाही म्हटल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. जयवंतीला उलट जास्त धाप लागली. आपली चूक असती तर एक टोपली उचलून मोकळी झाली असती. आता चूक साहेबांच्या लिहिण्यात होती, आणि ती दाखवायला जाणार कोण, तर ओ आणि शून्यात गफलत करणारी पोरगी.

तिनं दोन कार्डं पुन्हा काढली. एकावर पोटकामाला हाक होती. हाक मारताना टाकीचं वजन दिलं होतं, आणि सोबत सुटा आकडा, पाच. दुसरं कार्ड पोटकामाच्या आतलं, अगदी शेवटचं. हाक मारणाऱ्यानं दिलेल्या आकड्याला पोटकामानं आपलं एक नाव ठेवलं होतं. ते नाव बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे होतं, आणि उजवीकडे तेच नाव, वजा एक. म्हणजे काम संपलं की त्या डब्यातलं एक कमी करायचं.

करेना का, तिनं मनात म्हटलं. साहेबांनी पाच दिले, त्यानं त्याचे चार केले. त्याचं त्याच्यापाशी. साहेबांचा पाच तर साहेबांपाशी आहेच ना.

आहेच ना?

आणि तिथं खिडकीपाशी उभ्या उभ्या तिच्या पाठीवर नऊ वर्षांची असतानाचे वळ उठले.

सातपाटीत जाळं विणणाऱ्या बायकांची एक रीत होती. कोणी पट्टी मागितली तर आपली हातची पट्टी द्यायची नाही. तिच्या मापानं दुसरी कापायची आणि ती द्यायची. दिलेली पट्टी ज्याची त्याची, तो तिला तासो, मोडो नाहीतर चुलीत घालो. जयवंती नऊ वर्षांची असताना शेजारची शकूमावशी आली. नर्मदा टोपली घेऊन बाजारात गेली होती.

"जयू, तुझ्या आयेनं पट्टी कापून ठेवली काय गं माझी?"

नव्हती कापली. पण नाही म्हणायला जयवंतीला भीती वाटली, शकूमावशीचा आवाज मोठा. जाळ्यात अडकवलेली होती तीच पट्टी तिनं काढून दिली. शकूला वाटलं, रीतीप्रमाणे आपल्यासाठी कापलेली. तिला बारीक डोळ्याचं जाळं विणायचं होतं, तिनं कोयत्यानं दोन गव्हांएवढी तासली. तिचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी नर्मदा पट्टी शोधायला लागली, तेव्हा जयवंती मागल्या दारानं पळत गेली, "मावशी, जरा दे" म्हणून घेऊन आली, आणि होती तिथं अडकवून ठेवली. बघितलंसुद्धा नाही. नर्मदा पुढं अकरा दिवस त्याच पट्टीनं विणत राहिली. बोटांना काहीतरी वेगळं लागत होतं, पण ती म्हणाली, दोरा आकसलाय. जाळं समुद्रावर गेलं. अर्ध्या जाळ्यात सरंगे अडकले, उरलेल्या अर्ध्याच्या डोळ्यांत मोठ्या माशाचं डोकंच शिरेना, सगळा माल घसरून गेला. वडलांनी जाळं वाळूवर पसरून बोटांनी डोळे मोजले, आणि मग नर्मदेनं त्याच पट्टीनं जयवंतीला सोललं.

साहेबांनी पोटकामाला हातची पट्टी दिली होती.

पाचाची नक्कल नव्हती गेली. ज्या डब्यात पाच ठेवला होता, तो डबाच गेला होता. पोटकामानं आपला समजून त्यातलं एक काढलं. पहिल्या टाकीला पाच होता, म्हणून पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या टाकीच्या वेळी साहेबांनी "पाच" म्हटलं, पण डब्यात होते चार. तिसरीला तीन. चौथीला पाचाचे दोन झाले होते, आणि कागदावर कुठंही खाडाखोड नव्हती.

खिडकीच्या गजाला धरून ती खाली बसली. पाच हा पाच राहत नाही, ही गोष्ट समुद्रापेक्षा भीतीदायक होती. समुद्र निदान खवळलेला दिसतो.

भगवंतराव साइटवर होते, दिवसभर येणार नव्हते. उरले चंद्रभान. जयवंती त्यांच्या टेबलापाशी गेली, पदराचं टोक बोटाला तीन वेळा गुंडाळून.

"भाऊसाहेब, टाकीच्या तक्त्यात... चवथी ओळ..."

"सही झाली आहे त्याच्यावर."

"हो, पण एकदा साहेबांनी..."

"बाई, मशीन चुकत नाही. चुकतात त्या पोरी." त्यांनी चष्मा खाली केला. "तू कार्डात काही केलंयस काय?"

"नाही."

"मग जा."

ती गेली. चिठ्ठी लिहिली, वाचली, फाडली. चिठ्ठी चंद्रभानच्या हातून जाणार होती. सुटताना मात्र तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ती दोन कार्डं रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवली. हापिसातलं कार्ड बाहेर नेलं तर नोकरी जाते, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. पॅसेंजरमध्ये बसल्यावर कार्डाची कड छातीला टोचत होती आणि समोर बसलेला प्रत्येक माणूस तिला चंद्रभानचा वाटत होता.

गुरुवारी ती उठली तेव्हा हरेश्वर पहिल्या गाडीनं गेलेला होता. चपात्या न घेताच गेला होता, म्हणून नर्मदा चिडलेली. जयवंती बोईसरला उतरली, हापिसाच्या दारापर्यंत गेली, आतून चंद्रभानच्या खोकल्याचा आवाज आला आणि तिचे पाय आपोआप वळले. नाक्यावर सिमेंटचा ट्रक उभा होता, पाटीवाल्या बायका चढत होत्या. त्यातल्या एकीनं हात दिला. "चल गं, कोणाची तू?" जयवंतीला उत्तर आठवलं नाही.

साइटवर पोचली तेव्हा टाकी जमिनीपासून गुडघाभर उचलली गेली होती. क्रेनचा हात वर, दोर ताणलेला, आणि समुद्राकडून वारा सुटलेला. टाकी जरा जरा झुलत होती. तिकडं मचाणाच्या शिडीवर दोन माणसं चढत होती. एक सुका, पाठीमागून हरेश्वर. मचाण बरोबर त्या जागी, जिच्यावर टाकी जायची होती.

भगवंतराव हातात शिट्टी धरून उभे होते. जयवंतीला पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली. "तुम्ही इथं कशा? हापिसात काही झालं?"

तिनं पोलक्यातून रुमाल काढला, कार्डं पुढं केली.

"साहेब, चवथी ओळ तपासा."

"तपासलाय मी तक्ता."

"पयली ओळ तपासलीत." घाबरली की तिचं हापिसातलं बोलणं गळून पडायचं, घरचं वर यायचं.

"पहिली बरोबर म्हणजे सगळ्या बरोबर. रीत एकच आहे सगळ्यांना. हे बघा, आत्ता वेळ नाही."

"रीत एकच हाय, पण पाच एक राहिला नाय, साहेब. पयल्या टाकीला बारा टन, सव्वा इंच. हिलाबी बारा टन. हिला पाऊण का?"

भगवंतरावांनी खिशातून हिशेबाची सरकपट्टी काढली, एकदा सरकवली, पुन्हा सरकवली. मग त्यांनी वर दोराकडे पाहिलं. इतक्या उन्हात त्यांचा चेहरा कसा पांढरा पडला ते जयवंतीनं पाहिलं, आणि तेव्हा ती खरी घाबरली. तोपर्यंत तिला कुठंतरी आशा होती की आपणच चुकलो असू.

शिट्टी वाजली. एकदा, मग लागोपाठ. क्रेनवाला डोकं काढून बघायला लागला. भगवंतराव हात खाली खाली करत ओरडत होते, शिडीवरच्या माणसांना खुणा करत होते. हरेश्वर अर्ध्या शिडीवर थबकला. सुका त्याच्या वर होता, तो मचाणावर पोचलाच होता. टाकी झुलत झुलत उतरत होती आणि दोर कुरकुरत होता. टाकी टेकली. दोर ढिला पडला, जमिनीवर वेटोळं झालं. मग कुठं पाटीवाल्या बायकांचं बोलणं पुन्हा ऐकू यायला लागलं.

हरेश्वर खाली उतरून आला. "तू इकडं काय करतेस? आये बरी हाय ना?"

जयवंतीनं त्याचा दंड धरला आणि सोडेचना. त्याला वाटलं, घरी काहीतरी झालं. बराच वेळ तिला "काय नाय, काय नाय" एवढंच म्हणता येत होतं.

भगवंतराव सिमेंटच्या पोत्यावर बसले. दोन्ही कार्डं त्यांनी उन्हात धरली, शेवटचं तर तीनचारदा. हे पोटकाम त्यांचं नव्हतं, मुंबईच्या एका मित्राकडून आयतं आणलेलं. मित्राच्या कामात किती खेपा उरल्या ते मोजायचं होतं, म्हणून शेवटी एक कमी केलेला. भगवंतरावांनी खेपांच्या त्या आकड्याच्या जागी आपला पाच देऊन टाकला.

"मला वाटलं, पाच दिला म्हणजे त्याला पाचाची नक्कल मिळते," ते म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "आकडाच तर आहे, नाव नाही गाव नाही. पण यंत्र त्यालाही डब्यात ठेवतं आणि तो डबाच दाखवतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"शकूमावशीनं," जयवंती म्हणाली, आणि मग पट्टीची गोष्ट तिला सांगावीच लागली. माराचा भाग तिनं गाळला.

त्यांनी तिथंच पेन्सिलीनं कागदाच्या मागं दुरुस्ती लिहिली. दर हाकेच्या आधी पाच दुसऱ्या डब्यात घालायचा, आणि तो दुसरा डबा पोटकामाला द्यायचा. "दुसरी पट्टी कापून देतो," ते म्हणाले.

दुपारी हापिसात चंद्रभान उभेच होते. "दोन कार्डं कमी आहेत डब्यात. कोणी बाहेर नेली?"

जयवंतीचे डोळे जमिनीला लागले. झालं, टोपली आली.

"मी मागवली होती," भगवंतराव म्हणाले. "आणि चूक माझी होती, असं लिहा."

चंद्रभाननी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "दोन पट ताकद होती ना दोरात? मग तुटला नसताच." कदाचित नसता तुटला. पुढची सत्तावीस वर्षं, त्या हापिसात आणि नंतर दुसऱ्या दोन हापिसांत, जयवंती ज्या ज्या तक्त्याला हात लावायची त्याची पहिली ओळ सोडून शेवटची आधी ताडायची, आणि दर वेळी तिला तो वारा आठवायचा. ती धीट झाली वगैरे काही नाही. होडीत चढताना डोळे मिटायची ती शेवटपर्यंत मिटायचीच.

त्या संध्याकाळी मात्र हरेश्वरनं घरी सगळं सांगितलं, पदरचं घालून. क्रेन त्याच्या सांगण्यात दुप्पट उंच झाली होती. नर्मदा विणता विणता ऐकत होती. पट्टी सरकत होती, गाठी पडत होत्या. पोराचा जीव कुठं होता हे कळल्यावर एक गाठ चुकली, तिनं ती उसवली, पुन्हा मारली.

मग जयवंतीकडे न बघताच तिनं विचारलं, "म्हणजे हातची पट्टी दिली कोणी? साहेबानं?"

"हां."

"एवढा शिकलेला साहेब?"

"हां, आये."

नर्मदेनं दोरा दातानं तोडला. "मारलं काय त्याला कोणी?"

"नाय."

"हं," ती म्हणाली, आणि पट्टी जाळ्यातून काढून, पुसून, जयवंतीच्या मांडीवर ठेवली. "ही धर. पुढल्या गाठी तू मार. माझा हात आज हलतोय."